गिबेर वाचायचा तर कुठून सुरुवात करावी?

‘शब्दांकन’ हा प्रकार मराठी वाचकाला नवा नाही. आयुष्य एकाचं, लेखणी दुसऱ्याची. मुखपृष्ठावर ठळक टाइपात पहिल्याचं नाव, आत कुठेतरी बारीक टाइपात दुसऱ्याचं. फ्रेंच लेखक-चित्रकार इमॅन्युएल गिबेर गेली कित्येक वर्षं हेच काम करतो आहे, फक्त त्याचं शब्दांकन चित्रांसकट असतं. त्याची गाजलेली पुस्तकं त्याच्या स्वतःबद्दल नाहीतच. एक फोटोग्राफर मित्र बोलतो, एक म्हातारा अमेरिकन सैनिक बोलतो. गिबेर ऐकतो आणि काढतो. जन्म पॅरिसचा, १९६४चा. २०२० साली फ्रान्समधल्या आंगुलेमच्या चित्रकथा महोत्सवाने त्याला ‘ग्राँ प्री’ दिला. फ्रान्समध्ये चित्रकथाकाराला याहून मोठा मान नाही.

नाशिकमध्ये ही पुस्तकं ज्यांच्या हातातून गेली त्यांची मतं मात्र सरळ दोन टोकांची आहेत. नावडलेल्यांची पहिली तक्रार अशी, की यात काही घडतच नाही. दुसरी अशी, की चित्रं अर्धवट वाटतात, माणूस काढलाय आणि मागे कोरा कागद सोडलाय. दोन्ही निरीक्षणं अगदी बरोबर आहेत. पण कोरा कागद ही आळशीपणाची खूण नव्हे. बोलणाऱ्याच्या आवाजाला दिलेली ती जागा आहे, आणि ती जागा ऐकू यायला लागेपर्यंत थोडा धीर लागतो. चुकीच्या पुस्तकापासून सुरुवात केली तर तो धीर पहिल्या पन्नास पानांतच संपतो. म्हणून क्रम महत्त्वाचा.

सुरुवात ‘द फोटोग्राफर’पासून करावी. यावर आवडलेले आणि नावडलेले दोघंही सहमत आहेत.

पुस्तकाचा ऐवज असा. जुलै १९८६मध्ये दिदिए लफेव्र हा एकोणतीस वर्षांचा फ्रेंच फोटोग्राफर ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या वैद्यकीय मदत संस्थेच्या पथकाबरोबर पेशावरहून निघतो. अफगाणिस्तानात सोव्हिएत फौजा आहेत. पथकाला सरहद्द चोरून ओलांडायची आहे, घोडी-गाढवांच्या तांड्याबरोबर डोंगरातून चालत बदख्शान गाठायचं आहे, तिथे छोटा दवाखाना चालवायचा आहे आणि परत यायचं आहे. लफेव्रने या प्रवासात सुमारे ४००० फोटो काढले. एका रोलमध्ये छत्तीस फोटो, या हिशेबाने शंभराहून जास्त रोल झाले. परतल्यावर त्यातले फक्त सहा छापून आले. उरलेले खोक्यात पडून राहिले. पुढे गिबेरने त्याला बोलतं केलं आणि त्या खोक्यातून तीन भागांचं पुस्तक उभं राहिलं. फ्रेंचमध्ये ते २००३, २००४ आणि २००६ साली आलं. इंग्रजीत तिन्ही भाग एकाच जाडजूड पुस्तकात, २००९ साली, अलेक्सिस सिगेल यांच्या भाषांतरात. २०१०चा आयस्नर हा अमेरिकेतला चित्रकथांचा पुरस्कारही त्याला मिळाला. लफेव्र स्वतः २००७च्या जानेवारीत गेला, इंग्रजी आवृत्ती त्याने पाहिली नाही.

आता पान कसं चालतं ते बघू, कारण बहुतेकांची गाडी इथेच अडते. पानावर तीन गोष्टी एकाच वेळी चालू असतात : फोटो, गिबेरची चित्रं आणि चौकटीच्या वरच्या पट्टीतला लफेव्रचा आवाज. नियम साधा आहे. जिथे फोटो आहे तिथे फोटो. जिथे कॅमेरा बाहेर काढता येत नव्हता, म्हणजे अंधारात, भांडणात, सरहद्दीवर किंवा लफेव्र स्वतःच बोलत असताना, तिथे चित्र. सरहद्द ओलांडताना पुरुषांनाही पायघोळ बुरखा घालून बसावं लागतं, तेव्हा कॅमेरा कुठून येणार? ते चित्रातच दिसतं. त्याआधी पेशावरच्या शिंप्याकडे अफगाणी कपडे शिवून घेण्याचा प्रसंग आहे. तिथे फोटो आणि चित्र इतक्या सहज हात बदलतात, की पान उलटल्यावर नेमकं कुठे काय होतं ते आठवत नाही. ही करामत एकट्या गिबेरची नाही. रंग आणि पानाची मांडणी फ्रेदेरिक लमर्सिएची आहे. मुखपृष्ठावर तिघांची नावं आहेत ती उगीच नाहीत.

चित्रं साधी का, याचंही उत्तर इथेच मिळतं. लफेव्रचे फोटो कृष्णधवल आणि दाणेदार आहेत. त्यांच्या शेजारी डोंगरातला दगडन् दगड रेखाटलेलं चित्र ठेवलं असतं, तर दोघांची मारामारी झाली असती. गिबेर काळी बाह्यरेषा देतो, लमर्सिए त्यात मातकट, राखाडी, फिकट निळा असे एकेक सपाट रंग भरतो, आणि बाकी भार फोटोवर सोडून दोघं बाजूला होतात. मागच्या पानावरच्या फोटोतला डोंगर तुमच्या डोळ्यांत राहिलेला असतो. तो तुम्ही पुढच्या चित्रामागे स्वतःच लावून घेता.

वाचताना होणारी सगळ्यात मोठी चूक म्हणजे बारके फोटो सोडून देणं. कित्येक पानांवर कॉन्टॅक्ट शीटचे, म्हणजे अख्खा रोल निगेटिव्हच्याच आकारात एका कागदावर छापून घेतात त्याचे, पट्टेच्या पट्टे छापले आहेत. बोटभर उंचीच्या चौकटी, एकापुढे एक, काहींवर निवडीसाठी मारलेल्या लाल खुणा. इंद्रजाल कॉमिक्सचा वेताळ वाचून तयार झालेली नजर मोठ्या चित्रावरून मोठ्या चित्रावर उडी मारते आणि हे पट्टे सजावट समजून ओलांडते. तसं करू नका. एका ओळीत सलग चार-पाच चौकटींत तोच चेहरा असेल, तर ते चार-पाच सेकंद आहेत. आधी अवघडलेला, मग कॅमेऱ्याकडे बघणारा, मग कॅमेरा विसरलेला. छापण्यासाठी निवडलेली चौकट कोणती आणि तिच्या आधीची-नंतरची का टाकून दिली, हे बघण्यात फोटोग्राफीचा अर्धा अभ्यासक्रम होतो. भिंग घेऊन बसलात तरी कुणी हसणार नाही. एका भागाला दीड तास धरा आणि तीन बैठकींत संपवा. सलग वाचलं तर दुसऱ्या भागाचा घाव पुरता बसत नाही.

पहिल्या भागावर ट्रेकर मंडळी खूश असतात. अंजनेरी, हरिहर, साल्हेर करणाऱ्यांना त्यातली तयारी लगेच ओळखीची वाटते : जनावरं पारखून घेणं, भाव पाडणं, औषधांचे बोजे दोन्ही बाजूंना तोलून बांधणं, बुटांची चिंता. फरक उंचीचा. आपलं कळसूबाई १६४६ मीटर. हे लोक त्याच्या तिप्पट उंचीच्या खिंडी एकामागून एक ओलांडतात, आणि पकडले जाऊ नयेत म्हणून बऱ्याचदा रात्री. तांड्याची प्रमुख ज्युलिएत फूर्नो ही बाई आहे. तिचं किशोरवय काबूलमध्ये गेलंय, तिला तिथली भाषा येते आणि मिशाळ मुखंडांशी ती बरोबरीने व्यवहार करते. पुस्तकातलं सगळ्यांत ठसठशीत माणूस कोण असं विचारलं, तर लफेव्रचं नाव फार थोडे घेतात, बहुतेक जण फूर्नोचं.

दुसरा भाग दवाखान्याचा. डॉक्टर आणि नर्स वाचकांनी इथे पुस्तक सर्वांत जास्त उचलून धरलं आहे. कारण शस्त्रक्रिया इथे वीरश्री म्हणून येत नाही, काम म्हणून येते : अपुरा उजेड, मोजकी साधनं, जमिनीवर बसलेले नातेवाईक, कुणाला आधी घ्यायचं याचा निर्णय. जबड्याचा खालचा भाग उडालेला एक मुलगा आहे. बॉम्बच्या तांदळाएवढ्या कपचीने पाठीचा कणा तुटलेली मुलगी आहे. जखम बाहेरून जवळजवळ दिसतच नाही आणि ती पुन्हा कधीही चालणार नाही. हे फोटो आहेत, चित्रं नव्हेत. आपल्याकडे वाचनालयांत आणि घरांतही चित्रकथा दिसली की बालविभागात ठेवायची सवय आहे. या पुस्तकाच्या बाबतीत ती सवय महागात पडेल. चौदा-पंधराच्या खालच्या मुलांच्या हाती देऊ नका, आणि त्यावरच्यांना द्याल तेव्हा दुसरा भाग आधी स्वतः वाचा.

तिसऱ्या भागावरून वाद होतात. लफेव्रला घरची ओढ लागते, पथकासाठी थांबायचा कंटाळा येतो, आणि तो थोड्या वाटाड्यांबरोबर एकटा परत निघतो. वाटाडे त्याला सोडून जातात. खिंडीत बर्फ, संध्याकाळ, दमून गेलेला घोडा. आपण आता मरणार असं ठरवून तो कॅमेरा काढतो, रुंद कोनाची लेन्स लावतो आणि जमिनीलगत धरून घोड्याचा फोटो घेतो, आपण कुठे मेलो हे मागाहून कुणाला तरी कळावं म्हणून. वाचवणारे येतात तेही फुकट वाचवत नाहीत, पैसे उकळतात. बरेच वाचक इथे त्याच्यावर चिडतात : मूर्खपणा होता, अनुभवी माणसांचं ऐकायला हवं होतं. चिडा, खुशाल चिडा. पुस्तक त्याची वकिली करतच नाही. तो सांगतो त्यापेक्षा एक पायरीही गिबेर त्याला वर चढवत नाही, आणि शब्दांकनात ही गोष्ट किती दुर्मीळ आहे ते आपल्याकडची आत्मचरित्रं वाचणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

उणीव एकच, पण मोठी. अफगाण माणसं फोटोत भरभरून दिसतात, बोलताना मात्र कमी सापडतात. डॉक्टरांची थट्टामस्करी, कुरबुरी, सवयी सगळं कळतं. तांड्यातल्या माणसांचं तेवढं कळत नाही. लफेव्रला भाषा येत नव्हती, त्यामुळे हे प्रामाणिक आहे असं समर्थन करता येतं, तरी चुटपुट राहते. दुसरी अडचण किरकोळ आहे. ठिकाणांची नावं भराभर येतात. पेशावर, चित्राल, बदख्शान एवढं नकाशावर एकदा शोधून ठेवलं की पुढे अडत नाही.

यानंतर ‘अ‍ॅलन्स वॉर’.

देवळालीची एक गोष्ट आपल्याला ठाऊक असते आणि बाहेरच्यांना सांगायला मजा येते. इंग्रजीत डोकं फिरल्याला ‘डूलॅली’ म्हणतात तो शब्द आपल्या देवळाली कॅम्पातून गेला. मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट पाहत गोरे सोल्जर तिथे महिनोन् महिने पडून असायचे. लढाई नाही, काम नाही, वर उन्हाळा आणि ताप. त्यांची डोकी लढाईने फिरली नाहीत, थांबण्याने फिरली. ‘अ‍ॅलन्स वॉर’ ही अशाच थांबण्याची गोष्ट आहे. लढाई शोधायला गेलात तर पुस्तक मिटून ठेवाल.

अ‍ॅलन इन्ग्रम कोप १९२५ साली कॅलिफोर्नियात जन्मला, अठराव्या वर्षी सैन्यात भरती झाला. केंटकीतल्या फोर्ट नॉक्सला चिलखती दलाचं प्रशिक्षण, मग बोटीने फ्रान्स. ल हाव्र बंदरात तो उतरला तो दिवस त्याच्या विसाव्या वाढदिवसाचा, १९ फेब्रुवारी १९४५. युद्ध संपायला अडीच-तीन महिने उरलेले. त्यातले कितीतरी आठवडे तुकडी नॉर्मंडीत नुसती बसून, कारण तिची यंत्रसामग्रीच आलेली नाही. मग एकदम जर्मनी ओलांडून चेकोस्लोव्हाकियापर्यंत दौड. गोळीबार जवळजवळ नाहीच. गिबेरला हा माणूस १९९४ साली फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या इल द रे बेटावर भेटला, तेही रस्ता विचारताना. गिबेर तीस वर्षांचा, अ‍ॅलन एकोणसत्तरचा. पुढची पाच वर्षं अ‍ॅलन टेपरेकॉर्डरसमोर बोलत राहिला. १९९९मध्ये तो गेला, आणि पहिला भाग छापून आला २०००मध्ये.

या पुस्तकातली चित्रं कशी झाली, यात नाशिकच्या चित्रकारांना जास्त रस वाटतो, आणि तो वाजवी आहे. गोदाघाटावर बसून जलरंग करणाऱ्यांच्या या गावात ओल्या कागदाचं महत्त्व कुणाला समजावून सांगावं लागत नाही. गिबेर आधी स्वच्छ पाण्याने रेघ काढतो. कागदावर काहीच दिसत नाही, फक्त ओल चमकते. मग त्या ओलीला एका जागी शाईचा थेंब टेकवतो. शाई ओलीच्या वाटेने धावते आणि कोरड्या काठाशी थांबते. रेघेची कड धारदार असते, पण पोटात काळ्यापासून फिकट करड्यापर्यंत छटा आपोआप पडतात. पुस्तकातले गणवेश, चेहरे, पाण्यावरची बोट बारकाईने पाहा. ही छटा ब्रशने घासून आलेली नाही, वाळताना आलेली आहे. जुन्या आठवणीच्या पुस्तकाला याहून योग्य पद्धत सुचणं कठीण.

करून बघायचं असेल तर काही गोष्टी ध्यानात ठेवा, कारण पहिल्या दहा प्रयत्नांत हमखास फसतं. साधा कार्ट्रिज पेपर चालत नाही. तो फुगतो, मध्ये खड्डा पडतो आणि सगळी शाई तिथे जाऊन बसते. ३०० जीएसएमचा जलरंगाचा कागद घ्या आणि बोर्डावर टेपने चारी बाजूंनी ताणून बसवा. पाणी ड्रॉपरने किंवा भरलेल्या बारीक गोल ब्रशने सोडा. रेघ फुगीर दिसली पाहिजे, नुसती ओलसर नको. ओलसर रेघेत शाई वाटेतच अडते. उलट पाणी जास्त झालं की रेघेचं डबकं होतं, शाई काठाला जमते आणि मधोमध पांढरा डाग राहतो. शाई काळी वॉटरप्रूफ वापरा. फाउंटन पेनची शाई वाळल्यावरही पाणी लागलं की पुन्हा सुटते, त्यामुळे शेजारची दुसरी रेघ काढताना पहिली पसरते. वॉटरप्रूफ शाईने ब्रश मात्र लगेच धुवा, वाळली की केस कायमचे चिकटले. आणि एप्रिल-मेमध्ये नाशिकच्या कोरड्या हवेत पंख्याखाली हा उद्योग करू नका. शाई टेकवायच्या आत रेघ अर्धी सुकलेली असते. पावसाळ्यात उलटं, एक चौकट वाळायला अर्धा तास. पण परिणाम पावसाळ्यातलेच चांगले येतात.

पुस्तकाकडे परत. अर्ध्याच्या पुढे बऱ्याच वाचकांचा पाय अडखळतो, आणि यात दोष वाचकाचा नाही. युद्ध संपतं, अ‍ॅलन युरोपात रेंगाळतो, धर्मगुरू व्हायचं ठरवतो, मग तो विश्वासच गळून जातो. गेरहार्ट म्युन्ख या जर्मन संगीतकाराशी आणि त्याच्या बायकोशी मैत्री होते. पत्रं, भेटी, तुटलेले संबंध, जुन्या ओळखींचा शोध. माणसं खूप येतात, आणि एखादं नाव शंभर पानांनी पुन्हा उगवतं तेव्हा आठवत नाही. मूळ फ्रेंचमध्ये हे तीन भाग होते, २०००, २००२ आणि २००८चे. वाचकाला मध्ये वर्षंच्या वर्षं मिळाली. इंग्रजीत कॅथरीन पल्व्हरच्या भाषांतरात सगळं एका खंडात आलं, आणि सलग वाचायचा मोह होतो. तो आवरा. भाग संपला की आठवडाभर थांबा. एका कार्डावर माणसांची नावं लिहून पुस्तकात ठेवली तर तिसरा भाग कितीतरी सोपा जातो. निवृत्त फौजी वाचकांचं मत मात्र इथे वेगळं पडतं. त्यांना हा तिसरा भागच खरा वाटतो. फौज सोडल्यावरची चाळीस वर्षं कुणी लिहीत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

एक मर्यादा आहे ती मोकळेपणाने सांगायला हवी. अ‍ॅलनचा आवाज सभ्य, संथ, थोडा गुरुजींसारखा आहे. शेवटाकडे तो जगण्याबद्दल मतं मांडायला लागतो आणि तिथे गिबेर त्याला अडवत नाही. मित्र गेल्यावर त्याच्या शब्दांना कात्री लावणं जड गेलं असावं. पंधरा-वीस पानं कमी असती तर बिघडलं नसतं.

‘हाउ द वर्ल्ड वॉज’ हे त्याच अ‍ॅलनचं बालपण : १९३०च्या दशकातल्या मंदीतलं दक्षिण कॅलिफोर्निया, संत्र्याच्या बागा, चुलते-आत्या, आईच्या मृत्यूपर्यंत. फ्रेंच २०१२, इंग्रजी २०१४. लहान पुस्तक आहे, एका दुपारी होतं. पण हे आधी वाचू नका, ‘अ‍ॅलन्स वॉर’ झाल्यावरच वाचा. म्हाताऱ्याशी ओळख झालेली नसेल तर त्याच्या लहानपणात कुणाला काय रस? ओळख झालेली असेल तर आईवरची पानं चांगलीच चटका लावतात. रिकाम्या जागेचा वापर या पुस्तकात सगळ्यांत धीट आहे. काही चौकटींत दोन-चार रेघांपलीकडे काही नाही.

‘द प्रोफेसर्स डॉटर’ वेगळ्या वाटेचं. लेखन जोआन स्फारचं, चित्रं गिबेरची, १९९७चं. व्हिक्टोरियन लंडनमध्ये एका प्राध्यापकाची मुलगी आणि इजिप्तची ममी फिरायला जातात, तिथून पुढे गोंधळ. चित्रं देखणी, तपकिरी-सोनेरी झाक असलेली, कथा फुग्यासारखी हलकी. गिबेरला पूर्ण रंगवलेली पार्श्वभूमी जमत नाही असा ज्यांचा समज झाला असेल त्यांनी हे चाळावं. विकत घ्यायलाच हवं असं नाही.

घरात मुलं असतील तर ‘आरिओल’. यात गिबेर फक्त लेखक, चित्रं मार्क बुताव्हाँची. चष्मा घातलेलं निळं गाढव, त्याचा डुक्कर मित्र, आवडती गाय आणि शाळा. प्रत्येक गोष्ट दहा-बारा पानांची. सात ते अकरा वयाला फार चांगलं बसतं, इंग्रजी सोपं आहे. आणि गंमत म्हणजे अ‍ॅलनचं ऐकणारा कान इथेही तोच आहे : मुलं एकमेकांशी खरोखर जशी बोलतात, विषय सोडून, मध्येच तोडून, तसेच संवाद आहेत. पालक तक्रार करतात ती तात्पर्य नसल्याची. नाहीये, खरंच.

आता घेण्याबद्दल. ही पुस्तकं आयात होऊन येतात, त्यामुळे दुकानात शेल्फवर आयती सापडण्याची आशा कमी. कॉलेज रोड-गंगापूर रोडवरच्या दुकानांत चौकशी करायची तर मागवून देतात का एवढंच विचारा, आणि शीर्षक व लेखकाचं नाव कागदावर लिहून न्या. ‘द फोटोग्राफर’ नावाची पुस्तकं ढिगाने आहेत, भलतंच हाती येतं. ऑनलाइन मागवताना त्याच प्रतीची किंमत आठवड्यागणिक वर-खाली होते, घाई नसेल तर थोडं थांबावं. दोघा-तिघांनी मिळून एकेक घेऊन फिरवणं सगळ्यात शहाणपणाचं. किंवा आपल्या वाचनालयात मागणी नोंदवा. १८४०पासून सार्वजनिक वाचनालय असलेल्या गावाने एवढं मागायला लाजू नये.

मोबाइलवर वाचायचा विचार असेल तर सोडून द्या. कॉन्टॅक्ट शीटच्या चौकटी नखाएवढ्या होतात आणि मोठ्या करून बघितल्या की पानाची मांडणी हरवते. दहा इंची टॅब ही किमान मर्यादा. कृष्णधवल ई-रीडरवर ‘अ‍ॅलन्स वॉर’ एक वेळ चालून जाईल, ‘द फोटोग्राफर’चे मातकट रंग मात्र सगळे एकाच करड्यात बुडतील.

छापील ‘द फोटोग्राफर’ मोठ्या आकाराचं, २८८ पानांचं आणि गोंदाच्या बांधणीचं आहे. नवी प्रत मध्येच उघडून दाबली की कणा कायमचा मोडतो आणि नेमकी दुसऱ्या भागाची पानं सुटायला लागतात. आधी पुस्तक कण्यावर उभं धरा, दोन्ही पुठ्ठे खाली टेकवा, मग पुढून दहा पानं, मागून दहा पानं असं आळीपाळीने हलक्या बोटाने दाबत मध्यापर्यंत या. पाच मिनिटांचं काम आहे. कव्हरवर प्लॅस्टिक चालेल, कण्यावर चिकटपट्टी नको, ती गोंद ओढून घेते. पावसाळ्यात आडवं ठेवा आणि वर दोन जड दिवाळी अंक.

पार्सल आलं की त्याच दिवशी पानं मोजायची गरज नाही, पण फर्मे, म्हणजे बांधणीतले पानांचे गठ्ठे, उलटसुलट लागलेत का ते बघा. तिन्ही भागांची सुरुवात क्रमाने सापडली पाहिजे. मग तिसऱ्या भागातला खिंडीतल्या घोड्याचा फोटो काढा आणि खिडकीच्या उजेडात धरा. घोडा आणि मागचा डोंगर वेगवेगळे दिसत असतील तर प्रत चांगली आहे. दोन्ही एकाच काळ्या गोळ्यात गेले असतील तर बदलून मागा.